पहिलं पाणी

पडद्यावर फोटो आला आणि मी खुर्चीत सरळ झालो. तांबडी माती, मागे केळीची बाग, पुढे पिवळ्या प्लॅस्टिक कॅनची लांबलचक रांग आणि मधोमध आमचा हापसा. तीन लोखंडी पायांवर उभा, वर चौकोनी डबा, त्यातून निघालेला लांब दांडा, आखूड तोटी. रंग पार उडालेला, तरी गावचा माणूस गर्दीत ओळखू यावा तसा ओळखू आला. फोटो युगांडातल्या एका खेड्याचा होता. आम्ही बसलो होतो अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात, इंजिनिअरिंगच्या इमारतीतल्या एका वर्गात. फेब्रुवारीचे दिवस, संध्याकाळी सहालाच काळोख आणि खिडकीबाहेर बर्फाची भुरभुर.

"हा आमच्याकडचा आहे," मी म्हणालो. बारा पोरं माझ्याकडे वळून बघायला लागली.

मला तिथं बोलावलं होतं ते एवढ्याच भांडवलावर, की मी खेड्यातला. मे महिन्यात परीक्षा संपल्या की ही मुलं त्या गावी तीन आठवडे जाणार होती, तिथल्या बंद पडणाऱ्या पंपाचं काय करायचं ते बघायला. त्यांचे प्राध्यापक माझे मित्र. म्हणाले, जायच्या आधी मुलांना गावाशी बोलायचा सराव हवा, तू गाव हो. आता गाव सोडून मला चौतीस वर्षं झाली, आणि सलग पंधरा दिवस काही मी तिथं त्यानंतर राहिलेलो नाही. पण पेनसिल्व्हेनियाच्या या दरीत जालना जिल्ह्यातला दुसरा कोण सापडणार? मी हो म्हणालो.

तसं बघितलं तर हे गावही आडगावच. इथं कॉलेज आधी आलं आणि गाव मागाहून. नावातच ते लिहिलेलं आहे. जेम्स अर्विन नावाच्या लोखंडाच्या भट्टीवाल्यानं २०० एकर जमीन दिली आणि १८५५ साली शेतकऱ्यांच्या मुलांसाठी एक शाळा मंजूर झाली. १८६२च्या मॉरिल कायद्यानं शेती आणि यंत्रविद्या शिकवणाऱ्या कॉलेजांना सरकारी जमिनीचा आधार दिला, तेव्हा पेनसिल्व्हेनियात तो मान या शाळेला मिळाला. तिचंच पुढे पेन स्टेट विद्यापीठ झालं. भोवती दुकानं-घरं जमत गेली आणि १८९६ मध्ये त्या वस्तीची रीतसर नगरपालिका झाली. म्हणजे शिकलेल्यांनी खेड्यात जाऊन काहीतरी करावं ही खोड इथल्या मातीतच आहे. कॉलेज पोरांना जमवून परदेशातल्या खेड्यांत पाठवतं, ते त्याच खोडीचं लांबलेलं शेपूट.

ही लाटही आता जुनी झाली. कोलोरॅडोतल्या बोल्डरचे प्राध्यापक बर्नार्ड अमादेई आपले काही विद्यार्थी घेऊन बेलीझमधल्या सान पाब्लो गावी पाणी आणायला गेले, आणि त्यातून २००२ मध्ये इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्सची अमेरिकन शाखा उभी राहिली. आज बहुतेक मोठ्या विद्यापीठांत तिचा एखादा गट असतो, इथंही आहे. पेन स्टेटमध्ये शिवाय मानवतावादी अभियांत्रिकी नावाचा एक अभ्यासक्रमच चालतो; त्याची मुलं केनियात जाऊन स्वस्तातली हरितगृहं उभारत, दूरवैद्यकाचे प्रयोग करत. या सगळ्यांच्या पूर्वतयारीत पासपोर्ट आणि पिवळ्या तापाची लस यांच्यासोबत एक खेळ असतो: वर्गात खोटी ग्रामसभा भरवायची.

पण आधी हापशाचं सांगतो, कारण मला ते त्या दिवशी सांगितल्यावाचून राहवलं नाही.

स्टेट कॉलेजच्या शेजारी बोल्सबर्ग नावाचं एक टुमदार गाव आहे. तिथं एका घराच्या अंगणात बिडाचा जुना पंप आहे, त्याच्या भोवती दर उन्हाळ्यात पेटुनिया लावतात. असे पंप शे-दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या दर शेतघरी असत. घरची बाई दिवसातून पाच-दहा वेळा दांडा मारणार, झालं. याच नमुन्याचे बिडाचे पंप भारतात विंधनविहिरींवर बसवले गेले, आणि एका घरासाठी बनवलेल्या यंत्रावर सबंध गाव तुटून पडलं. सांध्यातले खिळे झिजले, दांडे मोडले, बीड तडकलं. जेवढे बसवले त्यातले बहुतेक बंद. तेव्हा साठच्या दशकात जालन्याच्या स्कॉटिश मिशनच्या लोकांनी खडकात बोअर घेता घेता स्वतःच पोलादाचा एक पंप जुळवला, त्याला नाव पडलं जालना पंप. त्याची सुधारलेली भावंडं निघाली आणि त्यांतला सोलापूर पंप सगळ्यांत चिवट ठरला. बाहत्तरच्या दुष्काळात गावोगावी बोअर झाले आणि ते चालते ठेवणारा पंप हवाच होता. युनिसेफ, मद्रासची सरकारी यंत्र-संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी सोलापूरच्याच नमुन्यावरून सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात जो घडवला तो इंडिया मार्क टू. त्यातली खरी करामत एका साखळीत आहे. दांडा गोल फिरतो, पण पाण्यात उतरलेली सळई सरळच वर-खाली जायला हवी. जुन्या पंपात सळई आडवी ओढली जाऊन झिजायची. इथं दांड्याच्या टोकाला सायकलसारखी साखळी एका कमानीवरून सोडली, की सळई हटकून सरळ. तो पंप भारतात लाखांनी लागला आणि पुढे आफ्रिकेत गेला. युगांडात त्याला यू-टू म्हणतात.

पोरांना साखळी आवडली. इंजिनिअरिंगच्या पोरांना साखळी आवडतेच.

मग ग्रामसभा सुरू झाली. मी पाणी-समितीचा अध्यक्ष. मी एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर टाकून बसलो आणि बोलायला लागलो तर माझ्या तोंडून आमचे थोरले काका बोलायला लागले. पाणी कसं आहे? भरपूर. पंप कसा चालतो? उत्तम. मग अडचण काय? काहीच नाही, तुम्ही फक्त मोटर बसवून द्या आणि सौर पत्रे द्या. गावात मतभेद? छे, आमचं गाव एकदिलाचं. प्राध्यापक मागे हसत होते. तालुक्याहून जीपमधून कुणी उतरलं की काका असंच बोलायचे, आणि ते खोटं बोलतात असं आम्हाला कधी वाटलंही नाही. जीपमधल्या माणसाकडून जे मिळतं ते मागायचं असतं, आणि जीप कधी रिकामी येत नाही.

मुलांनी प्रश्न बरे काढले होते. गावात किती माणसं, पंप बसवला कधी, मोडला कधी, पैसे कोण गोळा करतं. मग जाड वहीवाली एक मुलगी, पिट्सबर्गकडची, म्हणाली, "तुमच्या घरी रोज किती पाणी लागतं?"

मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. हे काही नाटकातलं थांबणं नव्हतं. हापसा आमच्या वाड्याच्या दारापासून पन्नास पावलांवर. मी त्याच्या ओट्यावर बसून पाढे पाठ केलेत, दांड्याला लोंबकळून शिव्या खाल्ल्यात. पण घरात पाणी किती लागतं ते मला ठाऊक नव्हतं, तेव्हाही आणि आताही.

"अध्यक्षांना विचारून सांगतो," मी म्हणालो आणि वर्ग हसला.

त्या रात्री नऊला मी थोरल्या वहिनींना फोन लावला. तिकडे सकाळचे साडेसात.

"कामून वो भाऊजी, तिकडं पाणी गेलं का?"

"नाही वहिनी, नळाला आहे. इथल्या पोरांना हिशोब पाहिजे. आपल्या घरी रोज किती पाणी लागायचं?"

"कव्हा?"

"हापसा होता तेव्हा."

"मग मला काय इचारता? तुमी घरीच तर व्हता."

त्यांनी ते टोचून म्हटलं नाही, खरंच नवल वाटून म्हटलं. मग सांगायला बसल्या. डोक्यावर घागर आणि कमरेवर कळशी ही एक खेप. सकाळच्या सहा, संध्याकाळच्या चार. म्हशीच्या खेपा वेगळ्या, त्या मोजायच्या नाहीत. पाहुणा आला तर एक जास्त, बाळंतीण असली तर तीन जास्त. धुणं ओढ्यावर, ओढा आटला की धुणं आठ दिवसांनी. मी समोरच्या बिलाच्या पाठीवर आकडे मांडत होतो. घागर पंधरा लिटर, कळशी आठ, दहा खेपांचे दोनशे तीस. घरात नऊ माणसं. म्हणजे माणशी पंचवीस-सव्वीस लिटर. सरकारी निकष तेव्हा माणशी ४० लिटरचा आणि अडीचशे माणसांमागे एका हापशाचा होता. त्याचाही हिशोब मी कागदावर केला. अडीचशे माणसांना चाळीस लिटर म्हणजे दहा हजार. हापसा मिनिटाला सरासरी बारा लिटर देतो असं धरलं, तर सलग चौदा तास हापसत राहावं लागेल. हा निकष ज्यानं कुणी ठरवला त्यानं गणित बरोबर केलं असेल. खांदा मात्र धरला नव्हता.

"आणि दारात होता म्हणून धा खेपा," वहिनी म्हणाल्या. "खालच्या वस्तीतल्या बायांचा नंबर राती लागायचा. त्या कव्हा चार नेत, कव्हा तीन. हापसा आपल्या आळीत कामून बसला ते काकांना इचारायला पाहिजे व्हतं."

काका जाऊन बारा वर्षं झाली. खालची वस्ती म्हणजे कुणाची हे मराठी वाचकाला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी त्या बारा मुलांना सांगताना मात्र माझी चांगलीच ओढाताण झाली.

फोन ठेवायच्या आधी मी सहज विचारलं, हापसा मोडला की कळवायचं कोण. सरपंच, त्या म्हणाल्या, मग महिन्यानं कधीतरी पाईप ओढायला माणसं यायची. "पण मोडायच्या आधी आमाला ठावं असायचं." कसं? "सकाळी पयलं पाणी यायला किती हापसावं लागतं त्याच्यावरून. चांगला असला तर चार-पाच डाव हापसलं की धार. मंग वीस डाव. मंग तीस. दांडा हलका लागाया लागतो, वर-खाली होतो पण ओढ नसती. तीसच्या पुढं गेला की म्हणायचं, आता ह्यो जातो."

मी बराच वेळ बिलाच्या पाठीकडे बघत बसलो. तळाच्या नळकांड्यात एक वायसर असतं, पूर्वी चामड्याचं, नंतर रबराचं, आणि त्याच्याखाली एक झडप. ती झिजली की उभ्या पाईपातलं पाणी रात्रभर हळूहळू खाली उतरतं. सकाळी पाईप रिकामा, म्हणून पाणी वर यायला जास्त हापसावं लागतं. किती वेळा हापसावं लागतं तो आकडा म्हणजे झिजेचं सरळ मोजमाप. तेही रोज सकाळी, फुकट, महिनाभर आधी. आमच्या गावात ते मोजमाप चाळीस-पन्नास बायकांच्या दंडात जमा होत होतं आणि एकाही वहीत उतरलं नव्हतं. कळवलं असतं तरी काय, म्हणा. मार्क टूचं वायसर बदलायचं तर सगळे पाईप वर ओढावे लागतात, त्याला तिवई लागते, चार-सहा माणसं लागतात, तालुक्याची गाडी लागते. ही चूक पुढे मार्क थ्रीमध्ये सुधारली. पाईप रुंद केला, म्हणजे नुसती सळई ओढली की वायसर हातात. अर्थात रुंद पाईप महाग, म्हणून जुनेच जास्त राहिले.

पुढच्या बैठकीत मी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि हे सगळं सांगितलं. जाड वहीवाली भराभरा लिहीत होती. एका मुलानं, तो कार्यक्रमाचा कप्तान, विचारलं की मग सौर पंपाचा बेत सोडायचा का? त्यांनी दोन महिने त्याची गणितं केली होती, पोराचा चेहरा पडला. मी म्हटलं, सोडू नका, पण खेळपंपाची गोष्ट आधी वाचा. दक्षिण आफ्रिकेत निघालेली ती कल्पना: मुलांचं फिरतं चक्र पंपाला जोडायचं, मुलं खेळतील, टाकी भरेल. २००६ मध्ये अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी तिच्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर केले, २०१०पर्यंत चार हजार चक्रं बसवायचं ठरलं. मुलं थोडा वेळ खेळली आणि दमली. मग वयस्कर बायका ते चक्र वाकून ढकलायला लागल्या. जिथे आधीचा हापसा काढून चक्र बसवलं होतं तिथल्या बायका हापसा परत मागायला लागल्या. ठरलेल्या मुदतीच्या आतच ती मोहीम गुंडाळली गेली.

मग खालच्या वस्तीच्या रांगेवरून वाद झाला. कप्तानाला वाटत होतं पाणी वाढलं की रांगेचा प्रश्न आपोआप मिटेल. मी त्याला विलासराव साळुंखे सांगितले. पुण्याचा कारखानदार-इंजिनिअर, बाहत्तरच्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात खडी फोडणारी माणसं बघून हलला, नायगावला माळरान घेऊन कामाला लागला. पाणी अडवण्याचं तंत्र त्यानं काही नवं शोधलं नाही. बांध, नाला, उपसा, सगळं माहितीतलंच. त्यानं नियम आधी लिहिले. पाणी जमिनीच्या मापानं नाही, माणसांच्या डोक्यावर, माणशी अर्ध्या एकरापुरतं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. पाणी पंचायत ती हीच. कप्तान म्हणाला, हे इंजिनिअरिंग नाही. प्राध्यापक खिडकीतून बाहेर बघत राहिले. मीही त्याला उत्तर दिलं नाही, त्या वयात मीही तेच म्हटलं असतं.

एक गोष्ट मात्र कुणालाच सोडवता आली नाही. मुलं जाणार मे महिन्यात, कारण इथलं सत्र तेव्हा संपतं. आमच्याकडे मे म्हणजे तळ गाठलेला आड. मोजायचं तर तेव्हाच. युगांडात मार्च ते मे पावसाचे दिवस. भरल्या पाण्यात बोअर मोजला तर तो तुमच्या तोंडावर गोड बोलणार, आमच्या काकांसारखा. शेवटी तिथल्या शाळामास्तरांना निरोप गेला की याच कोरड्या आठवड्यात रोज सकाळी एक पिवळा कॅन भरायला किती वेळ लागतो तेवढं घड्याळ लावून लिहून ठेवा. आणि पहिलं पाणी यायला किती वेळा हापसावं लागतं तेही.

एप्रिलातल्या एका शनिवारी सामान बांधायला सगळी पोरं आमच्या तळघरात जमली. बायकोनं पातेलंभर पोहे केले, ते संपले. प्रत्येक बॅग तेवीस किलोच्या आत बसवायची म्हणून न्हाणीघरातला काटा खाली आणला होता. पाईप ओढायचे शिकंजे, मोठे पाने, वायसरचा एक डबा, पाण्यातलं लोह तपासायच्या पट्ट्या. जंतू मोजायचे पातळ चौकोनी कागदही होते. त्यांवर पाण्याचा थेंब सोडून दिवसभर अंगाच्या उबेत ठेवायचे असतात, कारण खेड्यात उबवणीपेटी कुठली. म्हणून मुलं ते रात्री पोटाशी बांधून झोपणार. हे ऐकून बायको म्हणाली, कोंबडीसारखं. भाषांतर करून सांगितल्यावर पोरांनी स्वतःलाच कोंबड्या म्हणवून घ्यायला सुरुवात केली.

तेवढ्यात वहिनींचा व्हिडिओ कॉल आला. साडेनऊ झाले होते, म्हणजे तिकडे संध्याकाळचे सात. मी फोन पायरीवर टेकवून ठेवला. जाड वहीवालीनं माझ्यामार्फत विचारलं, पाणी चांगलं की वाईट ते तुम्ही कसं ओळखत होता?

"डाळ शिजती का त्याच्यावरून," वहिनी म्हणाल्या. "हापशाच्या पाण्यात डाळ शिजत नव्हती. डाळीला आडाचं पाणी, प्यायला हापशाचं."

जड पाण्यात डाळ शिजत नाही, हे शास्त्र सगळ्यांना माहीत होतं. पण घरात दोन पाणी वेगळी ठेवतात, आणि नवा चांगला पंप आला तरी बाई जुन्या डबक्यावर जातेच, त्याचं कारण असं स्वयंपाकघरात असू शकतं, हे कुणाच्या यादीत नव्हतं. मुलगी लिहायला लागली: शेंगा-घेवडा कुठल्या पाण्यात शिजवतात?

"आन तुमच्या गावात पाणी कुठून येतं गं?" वहिनींनी तिलाच विचारलं. मी भाषांतर केलं. मुलीनं शेजारच्याकडे बघितलं, त्यानं कप्तानाकडे. चार वर्षं इथं राहिलेली, पाण्यावर प्रबंध लिहिणारी पोरं. मीच मग सांगितलं, या दरीखाली चुनखडीचा दगड आहे, त्यातल्या विहिरींमधून. हेही मला त्याच आठवड्यात, घाबरून शोधल्यावर कळलं होतं.

"म्हंजे आपल्यासारखंच," वहिनी म्हणाल्या.

मग मुलीनं विचारलं, दांडा हलका लागतो म्हणजे नेमका कसा लागतो? याचं भाषांतर होईना. वहिनींनी फोन कशाला तरी टेकवला, चुलीपासून दोन पावलं मागं सरल्या, पदर खोचला आणि हवेत दोन्ही हातांनी हापसायला लागल्या. आधी जड, खांद्यापासून, कमरेतून जोर देऊन. "ह्यो चांगला." मग हात नुसते वर-खाली, सैल, झोपाळ्यासारखे. "ह्यो जाणारा." जाड वहीवाली उठून उभी राहिली आणि त्यांच्यासमोर तसंच करून बघायला लागली. वहिनींनी मान हलवली, चुकतंय. पुन्हा. तळघरात सगळी पोरं एकेक करून उठली. बॅगा, पाने, काटा बाजूला सारून बारा जण हवेत हापसतायत आणि वहिनी मोठ्यानं मोजतायत, सोळा, सतरा, अठरा. तेविसाला त्या थांबल्या.

"भाकर जळाली," म्हणाल्या, आणि पडदा काळा झाला.